मिसेस बॅगशॉ आणि बीटाचा काप

टिंकर्स पिटवरच्या माणसांना हिवाळ्यात घरी बसवत नाही. खडी उपसून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यात पाणी साचलं, तळं झालं, तळ्यात कोणीतरी कार्प मासे सोडले आणि माशांमागोमाग ही माणसं आली. उन्हाळ्यात कार्प पकडणं त्यांना पोरखेळ वाटतो. जानेवारीत पाणी इतकं गार पडतं की कार्पाला तोंड उघडायचाही कंटाळा येतो. तेव्हा त्याला ते उघडायला लावणं ही खरी विद्या, असं इथे मानतात.

पकडलेला मासा कोणी खात नाही. एका पाहुण्याने एकदा भाजून बघायची गोष्ट काढली होती. त्याच्याशी क्लबात पुन्हा कोणी बोललं नाही. माशाला ओल्या मऊ गादीवर निजवायचं, ओठाला गळाने पडलेल्या भोकावर जंतुनाशक लावायचं, वजन करायचं, मांडीवर घेऊन फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचं. त्यामुळे तेच मासे वर्षानुवर्षं त्याच माणसांच्या मांडीवर येतात आणि प्रत्येकाला नाव असतं. तळ्यातली सर्वांत मोठी मादी म्हणजे मिसेस बॅगशॉ. गावच्या शाळेत जेवण वाढणाऱ्या, केव्हाच वारलेल्या एका बाईसारखी तिच्या ओठांची ठेवण होती. शेपटीजवळ तीन मोठे खवले, बाकी अंग गुळगुळीत. क्लबाच्या लाकडी खोलीत एक फळी टांगलेली होती, ‘मिसेस बॅगशॉ यांना भेटलेले सभासद’ अशी, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नावं होती. सगळ्यांत वर नेव्हिल ट्रँटर. डेसमंड प्रुएटचं नाव कुठेच नव्हतं.

डेसमंडने बाकी सगळे नामांकित मासे पकडले होते. ‘बिशप’ दोनदा, ‘चामडी कोट’ एकदा. मिसेस बॅगशॉ मात्र त्याच्या गळाला कधी शिवली नव्हती. नोकरीत होता तोवर त्याने लोकांचे डोळे तपासून चष्मे लावून दिले. निवृत्त झाल्यापासून त्याचा सगळा जीव त्या फळीत अडकला होता. बाई म्हातारी झाली होती. हा हिवाळा गेला तर पुढचा ती काढेलच याची खात्री नव्हती.

तयारीत त्याने कसूर ठेवली नव्हती. इथे गळ आमिषात खुपसत नाहीत. गळाच्या दांडीला केसासारखा बारीक दोरा बांधतात आणि आमिष त्याला लोंबतं ठेवतात. मासा आमिष चाखायला गेला की मोकळा गळ आपोआप ओठात रुततो. हा केस किती लांब असावा यावर डेसमंडची स्वतःची मतं होती आणि ती दर आठवड्याला बदलत. हिवाळ्यासाठी त्याच्याकडे नखाएवढे गळ होते, पाण्यात दिसेनाशी होणारी दोरी होती, पाण्यात विरघळून आतला चारा मोकळा करणाऱ्या पिशव्या होत्या. घरच्या फ्रीजमध्ये काळीज घालून उकडलेले पिठाचे गोळे होते आणि त्यांच्यापायी ग्लेनिसचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, वाटाणे शेजारणीच्या फ्रीजमध्ये राहायला गेले होते. माशाची गादी आपल्या पलंगावरच्या गादीपेक्षा भारी आहे, हे ग्लेनिसने दुकानात दोन्ही दाबून बघून सिद्ध केलं होतं.

“मासा तरी त्या गादीवर दोन मिनिटंच असतो,” ती म्हणाली होती. “माझी पाठ रात्रभर असते.”

आणि हे सगळं गुप्त. पाण्यातून गळ वर आला की तो मुठीत झाकून, शेजाऱ्याकडे पाठ फिरवून तंबूत न्यायचा, ही इथली रीत. थंडीत तळ्याभोवती सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे असायचे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं यांचं कडाक्याचं भांडण झालंय.

जानेवारीतल्या एका सकाळी डेसमंड काठावरून फिरत होता. कडेच्या पाण्यावर पापुद्र्यासारखा बर्फ धरला होता. बोरूच्या बेटात काहीतरी पांढुरकं तरंगताना दिसलं. त्याने काठीने जवळ ओढलं. शेपटीजवळ तीन खवले होते.

मिसेस बॅगशॉ म्हातारपणाने गेली होती. अंगावर जखम नव्हती. थंडीमुळे वासही नव्हता. डेसमंड काही वेळ गुडघ्यावर बसून राहिला. मग सवयीने गादी आणली, सवयीने तिच्यावर पाणी ओतलं, मेलेल्या माशाला निजवलं आणि ओठाला जंतुनाशक लावलं. बाटलीचं झाकण लावताना आपण काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. बाकीचे तंबूंतून उठायचे होते.

त्याने कॅमेरा तिकाटण्यावर लावला, स्वयंचलित बटण दाबलं आणि मिसेस बॅगशॉला मांडीवर घेऊन हसला. जन्मभर घोकलेलं ते हसू होतं, त्यामुळे छान आलं. वजनही केलं. तिचं शेवटचं नोंदलेलं वजन पंचेचाळीस पौंड होतं. आता काटा थोडा खाली थांबला. मरणात माणसं हलकी होतात, तसं मासेही होत असतील, असा विचार करून त्याने शेहेचाळीस ठरवलं. मग पलीकडच्या कोपऱ्यात, अल्डरच्या झाडाखाली, चारा कालवायच्या फावड्याने खड्डा केला आणि तिला पुरलं.

फोटो क्लबाच्या गटात टाकला तसा सगळा तलाव त्याच्या तंबूपाशी गोळा झाला. ज्यांनी कित्येक वर्षं त्याला पाठ दाखवली होती, त्यांनी त्या दिवशी तोंडं दाखवली. सगळ्यांनी हात मिळवले आणि हात मिळवता मिळवता नजर त्याच्या गळाकडे टाकली. कुठे लागली, असं कोणीतरी विचारलं. अल्डरपाशी, तो म्हणाला. बोटांना तिथलीच माती होती. आणि आमिष काय होतं, असं नेव्हिलने विचारलं.

डेसमंडचं डोकं रिकामं झालं. काळजाचे गोळे म्हणावे तर ते सगळ्यांकडेच होते. समोर त्याचं सँडविच उघडं पडलं होतं. ग्लेनिस दर वेळी त्यात लोणच्यातल्या बीटाचे काप घालायची आणि तो दर वेळी ते काढून बाजूला ठेवायचा.

“बीट,” तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. उलट सगळे एकदम गप्प झाले, आणि गावच्या दुकानातल्या बीटाच्या बरण्या त्याच दुपारी संपल्या. पुढच्या आठवड्यात तळ्याच्या बांधाकडचं पाणी गुलाबी दिसू लागलं. बीटाचा तांबडा रंग गढूळ पाण्यात माशाला दिसतो की व्हिनेगरचा आंबटपणा त्याच्या मिशांना कळतो, यावरून दोन तट पडले. काप गोल असावा की चौकोनी, यावरून आणखी दोन. आता प्रत्येकाच्याच केसाला बीट लोंबत होतं. त्यामुळे त्या महिन्यात जो काही मासा लागला तो बीटालाच लागला आणि बीटाचा गुण निर्विवाद ठरला. जे दिवसेंदिवस रिकाम्या हाताने बसले तेही बीटच लावून बसले होते, हे कोणी मोजलं नाही. ग्लेनिसला दुकानात बायका अडवून बीट कसं मुरवतेस ते विचारू लागल्या. माझ्या नवऱ्यापेक्षा माशांना चव जास्त कळते, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

फळीवर नाव वसंतातल्या मेळाव्यात रंगवायचं होतं. डेसमंड दिवस ढकलत होता. त्याला झोप नीट लागत नव्हती, पण ते उबेमुळेही असेल. आता माशाची गादी तो स्वतःच्या पाठीखाली घेत होता.

फेब्रुवारीत नेव्हिलने गटात फोटो टाकला. मांडीवर मिसेस बॅगशॉ. वजन सत्तेचाळीस पौंड, आमिष बीट, चौकोनी.

डेसमंडने तो फोटो बराच वेळ पाहिला. मासळी तीच होती, यात शंका नव्हती. तीन खवले, तोच ओठ. सप्टेंबरासारखं ऊन होतं. नेव्हिलच्या खांद्यामागे विलोचं झाड हिरव्यागार पानांनी लवलेलं होतं. डेसमंडने खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याच्या बागेतल्या विलोला एक पान नव्हतं.

गटात अभिनंदनांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, विलो किती लवकर फुटला यंदा, हवामान बदलतंय ते हेच. त्यावर हवामानावर लांबलचक चर्चा झाली. डेसमंडने दोनदा काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं. तो काय लिहिणार होता? ती मेलीय, हे मला कसं माहीत, ते सांगावं लागलं असतं. शेवटी त्यानेही लिहिलं, “शाबास नेव्हिल.”

मेळावा मार्चच्या शेवटी झाला. चहा, डुकराचं मांस भरलेल्या पेस्ट्र्या आणि यंदा पहिल्यांदाच बीटाची मोठी बरणी. तळ्याची देखरेख करणारी ईनिड स्टोको खुर्चीवर चढून बोलली. ही बाई माणसांपेक्षा माशांची जास्त काळजी घ्यायची आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं. ती म्हणाली, बाईंना एका हिवाळ्यात दोनदा बाहेर काढलंत, या वयात हे बरं नव्हे. जिथे त्या लागल्या तो अल्डरचा कोपरा आजपासून बंद. कुंपण घातलंय. तिथे कोणी गळ टाकायचा नाही, चारा टाकायचा नाही आणि काठावर खणायचंही नाही. हे शेवटचं बोलताना तिने कोणाकडे बघितलं नाही. टाळ्या झाल्या. मग रंगाऱ्याने फळीवर तळाला ‘डेसमंड प्रुएट’ लिहिलं, आणि वर ‘नेव्हिल ट्रँटर’पुढे ‘दोनदा’.

ज्या क्षणासाठी डेसमंडने इतकी वर्षं पाय गारठवले, त्या क्षणी तो ओल्या सोनेरी रंगाकडे न बघता बाहेर पडला आणि सँडविचचा डबा घेऊन तळ्याच्या कडेने चालू लागला. कुंपणापाशी बाक होता. झाडाखाली नवी पाटी ठोकली होती: ‘मिसेस बॅगशॉ येथे विश्रांती घेत आहेत. कृपया त्रास देऊ नये.’ पाटीची खुंटी बरोबर त्याने दाबलेल्या मातीशेजारी होती.

मागून नेव्हिल आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांनी पाटी वाचली.

“डेस,” नेव्हिल म्हणाला, “माशाला मांडीवर कलतं धरलं की त्याचा डोळा खोबणीत खाली फिरतो. अंग कुठेही वळवा, डोळा पाण्याची पातळी धरून ठेवतो.”

“माहीत आहे मला.”

“तुझ्या फोटोतला डोळा सरळ कॅमेऱ्यात बघतोय.”

जन्मभर लोकांचे डोळे तपासले होते डेसमंडने. एवढा एक तेवढा राहून गेला होता.

“विलोला पानं होती, लेका,” तो म्हणाला.

“होती ना. म्हणून तर टाकला. ती गेली हे तुला माहीत आणि तुझ्या फोटोवरून मला माहीत. म्हणजे मला खोटं पाडणारा अख्ख्या तळ्यावर तू एकटाच, आणि तुझं तोंड तूच शिवून घेतलेलं.” नेव्हिलने बूट झटकले. “एकाच फळीवर तू आणि मी सारखेच, हे मला काही बघवेना.”

कुंपणापलीकडे पाणी सपाट पडलं होतं. डेसमंडला राग यायला हवा होता. तो येईल म्हणून त्याने वाट पाहिली. त्याऐवजी वेगळीच गोष्ट वर आली.

“तू तिला खरंच पकडलीस ना? तेव्हा? पानं होती तेव्हा?”

“खरंच.”

“कशी ओढायची ती?”

नेव्हिलने लगेच उत्तर दिलं नाही. तळ्यावर खोटं बोलायला त्याला कधी इतका वेळ लागला नव्हता.

“ओढायची नाही,” तो म्हणाला. “ओली गादी ओढून आणावी तशी यायची. आपल्याला वाटायचं तळाला काहीतरी अडकलंय. अगदी जाळीपाशी आल्यावर एकदा शेपटी फिरवायची, एकदाच, आणि तुझे दोन्ही हात खांद्यापासून हलायचे. मग गप्प. जाऊ दे बापडे, घे काय घ्यायचा तो फोटो, अशी.”

डेसमंडने आपले हात बघितले. जानेवारीत त्यांनी तिला उचललं होतं, वजन केलं होतं, पुरलं होतं. हलले मात्र नव्हते.

“आत ये,” नेव्हिल उठत म्हणाला. “तुला भाषण करायला सांगतायत. बीटावर.”

डेसमंडने डबा उघडला. सकाळी ग्लेनिसने मुद्दाम दोन काप जास्त घातले होते. तो नेहमीसारखा ते काढून बाजूला ठेवणार होता. मग पाटीकडे पाहिलं, पाण्यात टाकायलाही बंदी होती. त्याने ते सगळे काप एकावर एक ठेवले आणि मुकाट्याने खाऊन टाकले.