शत्रू पाहिजे

'सीमेवर तणाव' हे शब्द खासबागेत कुणाला नवे नाहीत. इथलं पोर 'आई' म्हणायला शिकायच्या आधी 'सीमा' ऐकतं, ती मराठी-कानडी वादातली. पण यंदाची सीमा लांबची होती, बर्फातली, आणि तणाव खरोखरचा होता. लष्करी कॅम्पाच्या बाजूनं भोंगा वाजवून बघितला, गल्लीनं एका संध्याकाळी दिवे मालवून बघितले, आणि विठ्ठल मंदिराच्या कमिटीनं ठरवलं की यंदा वैशाखातलं कीर्तन नाही. त्याऐवजी देशभक्तीची नृत्यनाटिका.

हे ऐकलं आणि अंबाजीअण्णांच्या हातातला चहा हातातच निवला.

अण्णा मूळचे वडगावचे विणकर. मागाच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला, त्यामुळं एक कान पार कामातून गेला होता आणि दुसरा आपल्या मर्जीनं चालायचा. पण कीर्तनात तो कान कधी चुकला नाही. बुवांनी "बोला पुंडलिक वरदा" म्हणून श्वास घेतला न घेतला तोच अण्णांचं "हाऽरी विठ्ठल" आलेलं असायचं. बाकीचा मांडव त्यांच्या मागनं. वर्षातनं एकदा कडोलीचे रवळूबुवा या देवळात कीर्तनाला उभे राहायचे, आणि त्या एका संध्याकाळच्या जिवावर अण्णा उरलेलं वर्ष काढायचे. मोबाईलवरही कीर्तनं ऐकायला मिळतात हे त्यांना नातीनं दाखवलं होतं. पण "त्येच्यातला बुक्का कपाळाला लागत न्हाय," एवढं बोलून त्यांनी मोबाईल परत दिला होता.

"कोरोनात सुद्दा मोडलं न्हवतं रं, विनू," अण्णा कमिटीच्या अध्यक्षाला म्हणाले. "बुवा गच्चीवर, आमी आपापल्या उंबऱ्यावर. पर झालं."

विनोदचं मोटारसायकलींच्या सुट्ट्या भागांचं दुकान, त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट बदलता येते असं त्याचं मत होतं. "अण्णा, देशावर वेळ आलीया. अशा वक्ताला टाळ कुटत बसायचं? पोरांत जोश भराय पायजे."

"टाळात जोश नसतोय व्हय?"

"असतोय की. पर दिसत न्हाय. नाटिकेत दिसतोय."

 अण्णांनी निवलेला चहा तसाच खाली ठेवला.

नाच बसवायला कॅम्पातनं मंजुश्री मॅडम आल्या. घरची भाषा कन्नड, मराठीही बोलायच्या, पण घाईत आल्या की कन्नडच तोंडात यायची. "मुंदे, मुंदे!" म्हणजे पुढं, "हिंदे, हिंदे!" म्हणजे मागं. एवढं कन्नड गल्लीला सिटी बसच्या कंडक्टरनं कधीच शिकवलेलं होतं, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते भलतंच. पहिल्याच दिवशी देवळाच्या सभामंडपात आयांची ही गर्दी! जिला तिला आपलं पोर जवानच करायचं होतं. प्लॅस्टिकच्या पायपांच्या बंदुका कमी पडल्या, तेव्हा एकानं घरनं लाटणं आणलं. जवानांची पलटण उभी राहिली आणि समोर शत्रू एकही नाही. साईराज नावाच्या धिप्पाड पोराला मॅडमनी शत्रू केलं, तर त्याची आई हातातली पोळी तव्यावर टाकून धावत आली. "आमच्या घरचं पोरगं शत्रू? त्येचा मामा मिलिट्रीत हाय म्हटलं!" दुसरं एक पोर चॉकलेटवर तयार झालं, पण पहिल्याच हल्ल्याला रडत रडत आपल्या बाजूला येऊन मिळालं.

"शत्रू इल्ला म्हटल्यावर युद्ध कोणाशी करायचं हो?" मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. "वाऱ्याशी?"

खांबाला टेकून बसलेले अण्णा उठले. "मी व्हतो शत्रू."

सगळा सभामंडप वळून बघायला लागला. टाळ हातात धरताना सुद्धा टाळाला लागेल का म्हणून जपणारा हा माणूस!

"पर एक अट हाय," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी कीर्तन."

विनोदनं विचार केला. शत्रू फुकट मिळत होता. "नाटिका बिनचूक झाली तर दुसऱ्या दिवशी मांडव तुमचा. काय गडबड झाली, तर सकाळीच मांडव सोडणार बघा."

"ठरलं."

घरी बायकोनं, मालुबाईंनी, ऐकलं आणि भाजी चिरायची सोडून हसत बसल्या. "अहो, जल्मात कुणावर डोळं वटारला न्हाईसा. तुमी काय शत्रू व्हणार?"

"तुझ्याकडं बघून प्रॅक्टिस करतो."

"माझ्याकडं बघून तर तुमी कवाच शरण आलाय."

प्रॅक्टिस सुरू झाली. शत्रूला काळा झब्बा, भुवयांवर काजळ, आणि कपाळावरच्या बुक्क्यावर काळा रंग. गळ्यातली तुळशीची माळ तेवढी अण्णा काढेनात. "शत्रूच्या गळ्यात तुळशी?" मॅडम ओरडल्या. शेवटी माळ आत ढकलून झब्ब्याची कॉलर पिनेनं बंद केली. शत्रूनं खदाखदा हसायचं होतं. अण्णांचं "हा हा हा" निघायचं, पण तिसऱ्या 'हा'ला ते आलाप घ्यायचे.

शेवटचा प्रवेश मात्र त्यांनी जीव लावून घटवला. जवान चालून येणार, मॅडम पडद्याआडनं "हिंदे! हिंदे!" म्हणणार, शत्रू एकेक पाऊल मागं सरत पुठ्ठ्याच्या डोंगराआड जाऊन पडणार. मग भारतमाता येणार. जवानांची म्होरकी होती अण्णांची नात अंजनी. "आज्जा, नीट पड हं," ती रोज बजावायची. "न्हायतर कीर्तन जाईल तुझं."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव गच्च भरला. पुढच्या रांगेत गुणाबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा युवराज मिलिट्रीत, त्याच बर्फातल्या सीमेवर होता आणि फोन लागत नव्हता.  मांडीवर मोबाईल पालथा घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघून बाकीच्या बायकांचं बोलणं सुद्धा हळू चाललं होतं.

नाटिका झकास चालली. पोरांनी शेतं नांगरली, पिकं डोलवली. शत्रू आला तेव्हा मांडवानं हुर्यो केली. अण्णांनी डोळे वटारले, अगदी मालुबाईंसारखे, आणि मागच्या रांगेतनं मालुबाईंचाच ठसका ऐकू आला.

आला शेवटचा प्रवेश. विनोदनं जोश दिसावा म्हणून गणपतीतले मोठे स्पीकर मागवलेले. ढोलाचा असा दणका उठला की अण्णांना ऐंशी माग एकदम सुरू झाल्यासारखं वाटलं. पावलं चुकली. मागं जायचं सोडून ते जागच्या जागी थबकले. पडद्याआडनं मॅडम जीव तोडून ओरडल्या, "हिंदे! हिंदे!"

त्या गदारोळातनं अण्णांच्या मर्जीतल्या कानापर्यंत फक्त "हिंद" पोचलं.

आता कुणी घोषाची हाक दिली आणि अण्णांनी ती अर्धी सोडली, असं उभ्या आयुष्यात झालं होतं का? दोन्ही हात वर गेले, छाती भरली, आणि शत्रू मांडव दणाणेल अशा आवाजात गर्जला, "जय हिंद!"

पिन उडाली. तुळशीची माळ बाहेर आली.

पलटण जागच्या जागी थांबली. कुणीतरी ढोल बंद केला. त्या शांततेत माइकवरनं अंजनीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मॅडम, आता ह्येला कसं मारायचं?"

अण्णांच्या ध्यानात आलं. कीर्तन गेलं! माणूस गांगरला की हाताला सवयीचं तेवढंच सुचतं. ते वाकले आणि समोरच्या जवानाच्या, म्हणजे अंजनीच्या, पाया पडले. पोरगी देवळातच वाढलेली. पाया पडणाऱ्याच्या आपणही पाया पडायचं, हे तिला जन्मापासनं ठाऊक. ती बंदूक काखेत मारून वाकली. तिचं बघून साईराज वाकला. मग अख्खी पलटण रांगेनं शत्रूच्या पाया पडली, लाटणंवाल्यासकट.

एवढ्यात ठरल्याप्रमाणं भारतमाता आली. भारतमाता झालेल्या राजेश्वरीनं हे सगळं बघितलं, पण पाठ केलेलं वाक्य तेवढं तिच्यापाशी होतं. "वीरांनो, शत्रू कुठं आहे?"

"न्हाय!" पोरं एका सुरात ओरडली.

आणि मग हसू फुटलं. पुढच्या रांगेतनं फुटलं. गुणाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मोबाईल मांडीवरनं खाली पडला तरी त्यांना पत्ता नव्हता. त्या हसताहेत म्हटल्यावर अख्खा मांडव मोकळा झाला.

पडदा पडल्यावर विनोद लालबुंद होऊन आला. "अण्णा, ही काय गडबड? शब्द म्हणजे शब्द. सकाळी मांडव सुटणार."

अण्णा काजळ पुसत मान खाली घालून उभे. "व्हय रं बाबा. चुकलं माझं."

"काय चुकलं?" मागनं गुणाबाई आल्या. "विनू, आठ दिस झालं घास गिळंना मला. आज हसलो. युवराजचा फोन आला की पयलं त्येला ह्येच सांगणार, की बाबा, आपल्या गल्लीतला शत्रू जय हिंद म्हणून पाया पडून गेला." त्यांनी डोळे पुसले. "मांडव सोडून बघ तू. मी हितंच बसतो खांब धरून."

विनोदनं मॅडमकडं बघितलं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "बिडी हो, सोडा. असा शत्रू मला परत मिळणार नाही."

मांडव राहिला.

दुसऱ्या दिवशी रवळूबुवा गादीवर उभे राहिले तेव्हा पुढच्या रांगेत अख्खी पलटण गणवेशात, मांडी घालून. लाटणं सुद्धा होतं. अण्णा स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, टाळ घेऊन. भुवयांचं काजळ काही केल्या निघालं नव्हतं. बुवांनी वीणा कपाळाला लावली, डोळे मिटले आणि हाक दिली, "बोला पुंडलिक वरदा..."

अण्णांनी छाती भरली. पण पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या आधी आलं.

"जय हिंद!" पलटण ओरडली.

बुवांनी एक डोळा उघडला. हसणारा मांडव बघितला, मग नेमके अण्णांकडं वळले.

"बरं. आणि शत्रुपक्षाचं काय म्हणणं?"

"हाऽरी विठ्ठल!" शत्रू म्हणाला, आणि बाकीचा मांडव त्यांच्या मागनं.