आठ रेघा

माझ्या लेकीचा, आकांक्षाचा, इन्सुलिनचा पंप एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी बंद पडला. २००९ साल होतं. महिनाभर त्याची बटणं कधी लागत, कधी लागत नव्हती. त्या दुपारी पडदा कोरा झाला आणि नवी बॅटरी घालूनही त्यावर काही उमटलं नाही. हमीची चार वर्षं जानेवारीतच संपली होती.

आकांक्षाला मधुमेह झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मुलांना होतो तो, पहिल्या प्रकारचा. यात शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं. सात वर्षं रोज चार इंजेक्शनं दिली, मग हा पंप घेतला. कमरेला अडकवायचा, नळीतून दिवसभर थेंबाथेंबानं इन्सुलिन सोडायचा. आता तिची बारावीची परीक्षा झाली होती आणि जूनमध्ये ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. नवा पंप पुढची चार-पाच वर्षं तिच्याजवळ असणार होता आणि मी नसणार होते. म्हणून तो मीच निवडायचा, असं मी ठरवलं होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आलेखाच्या कागदावर मी तक्ता केला होता. दोन पंप, अकरा ओळी. टाकीत किती इन्सुलिन मावतं, सर्वांत लहान मात्रा किती, पाण्यात चालतो का, गजराचा आवाज, दुरुस्तीला किती दिवस. निळा पंप आठ ओळींत सरस होता, राखाडी तीन. निळ्याला वेगळा रिमोट होता, कपड्याआड हात न घालता डोस देता येत असे. दोन्ही नमुने घेऊन कंपन्यांचा एजंट शुक्रवारी सकाळी नांदेडहून येणार होता.

तोपर्यंत इंजेक्शनं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट इन्सुलिन असतं आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. एक रेघ म्हणजे एक युनिट. पंपाचं इन्सुलिन अडीचपट दाट, मिलिलिटरला शंभर युनिट. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. ती आमच्या हिंगोलीत मिळाली नाही. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला मी कागदावर गणित मांडलं, लाल सिरिंजमध्ये दहा युनिटांसाठी चार रेघा भरल्या आणि दिल्या. बरोबर दिल्या.

शुक्रवारी सकाळी आठ युनिट द्यायचे होते. म्हणजे तीन रेघा आणि किंचित वर.

घरात एक नियम होता. सिरिंज जो भरेल त्यानं टोचण्याआधी ती दुसऱ्याला दाखवायची. माझ्या सासूबाई, पद्माबाई, यांना वाचता येत नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आकांक्षा लहान असताना त्या पुसेगावहून आमच्याकडे राहायला आल्या आणि रेघा मोजायला शिकल्या. त्या दिवशीही ओट्याशी त्याच उभ्या होत्या, तशाच, नातीच्या दंडाचं मांस चिमटीत धरून.

"पोरी, किती वाळलीस गं. चिमटीत कायच येऊन न्हाई राहिलं."

"आजी, जोरात नको ना. ते मांस आहे, वांगं नाही."

बाहेर फाटक वाजलं. "आठ" म्हणत मी सिरिंज भरली आणि आत्याबाईंसमोर धरली. त्यांनी ती उजेडाकडे केली, नखानं एकेक रेघ मोजली.

"आठ. बराबर हाय."

मी टोचली.

एजंटचं नाव अमरसिंग. तिशीतला, निळी पगडी, मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलणारा. आत्याबाईंनी त्याला "जय भीम" घातला, त्यानं "सत श्री अकाल, आजी" म्हणून त्यांच्या पायाला हात लावला. तेवढ्यावर त्याला पहिला चहा मिळाला. आकांक्षा पोळी-मटकी खात त्याच्यासमोर बसली. त्यानं दोन्ही पंप टेबलावर ठेवले. नमुन्याचे होते, आत नुसतं पाणी.

"निळं घे," आत्याबाई म्हणाल्या.

"काहून?" आकांक्षानं त्यांच्यासारखंच विचारलं.

"निळं हाय म्हणून. आपलं हाय ते."

"आईचं पण निळंच आहे. तिनं अकरा ओळी लिहून ठरवलंय, तू एका शब्दात."

अमरसिंग हसला. मी तक्ता त्याच्यापुढे सरकवला. तो बोट फिरवत वाचत गेला, मधेच म्हणाला, "मॅडम, एवढं तर आमच्या कंपनीवाल्यांनी पण लिहिलं नसेल." मग नेहमीची सूचना असावी तसं म्हणाला, "आणि यात शंभरचंच इन्सुलिन भरायचं. चाळीसचं भरलं तर सगळी मात्रा चुकते. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर केमिस्ट्री शिकवता."

माझं लक्ष ओट्याकडे गेलं. लाल टोपण तिथेच पडलं होतं.

आठ रेघा. आठ रेघा म्हणजे पॉइंट दोन मिलिलिटर. गुणिले शंभर, वीस युनिट. आठच्या जागी वीस.

"काय झालं?" आकांक्षानं विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा होता, ते मला ऐकू आलं.

तिनं घड्याळ पाहिलं. "पस्तीस मिनिटं झाली," ती म्हणाली आणि साखरेचा डबा आणायला उठली.

नांदेडच्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, पाजत राहा, खाऊ घालत राहा, दर दहा मिनिटांनी बोट टोचून रक्तातली साखर तपासा, सत्तरच्या खाली गेली की धोका, गुंगी आली तर पाच मिनिटंसुद्धा थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. अमरसिंगनं विचारलं नाही. गाडी फाटकाशी उलटी लावून ठेवली आणि दार उघडं टाकलं. सिद्धेश्वर धरणाकडे गेलेल्या आकांक्षाच्या बाबांना फोन लागत नव्हता. ते पाटबंधारे खात्यात आहेत, त्या दिवशी कालव्यावर होते.

एक युनिट तिच्या अंगात दहा ग्रॅम साखर जिरवतं. बारा युनिट जादा, म्हणजे एकशे वीस ग्रॅम. मी ग्लुकोजची पावडर मोजून पाण्यात घातली, केळी सोलली. मला सगळं माहीत होतं. इन्सुलिन तासाभरात शिखर गाठेल, चार तासांत ओसरेल. पोटातली साखर रक्तात यायला वेळ लागेल. त्या दंडातून ते परत काढून घेण्याचा मार्ग मात्र नव्हता. आम्ही फक्त तिला पाजू शकत होतो आणि आकडे बघू शकत होतो.

एकशे सव्वीस. एक्क्याण्णव. एकाहत्तर.

"मी बराबर मोजल्या होत्या गं सीमा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे हात पदरात गुंडाळलेले होते. "आठच होत्या. लेकराची आण, आठच होत्या."

"तुमचं बरोबर होतं, आत्याबाई. भरताना मी चुकले."

"तू कशी चुकशील?"

मी पावडरीचा पुढचा चमचा मोजला.

अठ्ठावन्न. आकांक्षाच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले. मी पेला तिच्या तोंडाला लावला तेव्हा तिचे दात काचेवर वाजले. अर्धा पेला पिऊन तिनं माझा हात बाजूला केला आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

"ते दोन्ही इकडे दे."

"आत्ता नको. आधी हे पी."

"पितेय ना. दे म्हटलं ना आई." तिचा शब्द जड येत होता. "आत्ताच बघायचंय. माझे हात थरथरतायत. पुण्यात थरथरले तर?"

अमरसिंगनं माझ्याकडे पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही पंप तिच्या मांडीवर ठेवले. तिला इन्सुलिन थांबवायचं बटण शोधायचं होतं. निळ्याचा रिमोट तिच्या बोटांतून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा धरला तर यादीत खाली जाताना ती भलत्याच ओळीवर थांबली, परत फिरली, परत चुकली. "हे अक्षर हलतंय," ती म्हणाली. मग तिनं राखाडी पंप ओढणीखाली घेतला, न बघता अंगठा फिरवला, उठावाचं बटण चाचपलं आणि दाबून धरलं. पंप दोनदा थरथरला आणि थांबला.

"हा," ती म्हणाली, आणि केळं उचललं.

पुढचा आकडा त्रेसष्ट. मग एकसष्ट. आत्याबाई भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडेही बघत नव्हत्या, फक्त मीटरकडे. मग एकोणऐंशी. मग एकशे चार. साडेबारापर्यंत आम्ही तपासत राहिलो. तिच्या दहाही बोटांची टोकं काळी ठिपकेदार झाली होती.

निघताना अमरसिंगनं राखाडी पंपाची मागणी लिहून घेतली. मुंबईहून यायला चार दिवस लागतील म्हणाला. आकांक्षाला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून पालक म्हणून सही माझी. तक्ता टेबलावरच होता. थरथरत्या हातानं, न बघता थांबवता येतो का, ही ओळ त्यात कुठेच नव्हती आणि मी आणखी शंभर ओळी लिहिल्या असत्या तरी ती मला सुचली नसती.

"आजी, निळा राहिला," आकांक्षा म्हणाली.

"राहू दे मेलं," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला निळी पिशवी शिवते."

रात्रीच्या जेवणाआधी मी ओट्याशी गेले तेव्हा आकांक्षा तिथे आधीच उभी होती. तिनं बाटली काढली, सिरिंज काढली. त्या रात्री दहाऐवजी आठच युनिट द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. गुरुवारचा माझा गणिताचा कागद तिच्यापुढे पसरलेला होता. मी हात पुढे केला. तिनं तो पाहिला नाही, किंवा पाहूनही सोडून दिला. तिनं स्वतः भरलं, बुडबुडा टिचकीनं वर आणला, बाहेर सोडला. मग नियमाप्रमाणे सिरिंज माझ्यासमोर धरली.

तीन रेघा आणि किंचित वर. मी दोनदा मोजलं.

"बरोबर," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग सिरिंज उजेडाकडे केली आणि नखानं एकेक रेघ पुन्हा मोजली.