गोरोबाच्या पाठीवर उमटलेला पट्टा

“इंजन चालू असताना ह्याला हात लावू नगस, मल्ल्या. ह्यो बोटं खातो.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अगदी कोरा होतो. आवाज गोरोबा मिस्त्रीचा. जळकोटला हायवेच्या कडेला लिंबाखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज. त्याची करंगळी माझ्याच कुण्या भाईबंदानं नेलेली. तरीही बाळंतिणीच्या हातात काकणं भरावीत, इतक्या हळुवारपणे त्यानं मला चाकांवर चढवलं.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. जीपच्या इंजिनापुढं फिरणारा, काळा, रबरी, आणि आता तुटका. माझा जन्मच मारझोडीचा. रबर लाटलं, दोऱ्यांवर दाबलं, वाफेत शिजवलं आणि पात्यानं कापून माझ्या पोटावर खाचा पाडल्या. त्या खाचांनी मी इंजिनापुढची छोटी चाकं, म्हणजे पुल्या, घट्ट धरतो. इंजिन मला ओढतं, मी पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो, बॅटरी भरतो. स्टेअरिंग हलकं ठेवणारा पंपही माझ्याच जोरावर चालतो. एवढा संसार माझ्या एका वेढ्यात!

मल्ल्या म्हणजे मल्लिनाथ. त्याची जीप मुरुम ते तुळजापूर वडापाला, म्हणजे प्रवासी भरून फेऱ्या मारायला, होती. उन्हाळ्यात इंजिन तापलं की माझ्या अंगाची कातडी सोलल्यासारखी व्हायची. धूळ खाचांत शिरून चावायची. गाडी वेळेवर पोचली की लोक मल्लिनाथला शाबासकी द्यायचे. मला विचारायचा तो फक्त गोरोबा. इंजिन बंद करून ते निवू द्यायचा, मला उलटा करून भेगा शोधायचा, अंगठ्यानं दाबून ताण बघायचा.

नवरात्राच्या आधी त्यानं असंच मला पाहिलं. भेगा नाहीत, पण ढिला पडलाय, म्हणून सकाळी ओरडतो, असं म्हणाला. गाडी दुपारभर ठेवायला सांगितली. मल्लिनाथ हसला. देवीच्या गर्दीत गाडी उभी करून काय तुझं तोंड बघत बसू, म्हणाला. दसरा झाला की येतो.

“बरं, तवर चालंल,” गोरोबा म्हणाला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी विळे, कुऱ्हाडी, अवजारं पुजतात, आणि आता गाड्याही. मल्लिनाथ अंघोळीला गेला होता. त्याची आई जगदेवी ताट घेऊन आली. बॉनेट उघडंच होतं. सकाळी मी किती किंचाळलो होतो ते तिनं ऐकलं होतं. तिची सारी उमर बैलगाडीत गेलेली. चाक कुरकुरलं की आखाला वंगण घालायचं, हे तिच्या हातांना पाठ. तिनं मला हळद-कुंकू वाहिलं आणि डब्यातलं काळं वंगण माझ्यावर धार धरून ओतलं. ओठांत ओवी होती :

तेल वाहिते चाकाला, चाक फिरू दे सुखानं
माझ्या बाळाच्या वाटंला नगं जावं दुखानं

मित्रांनो, मी आख नव्हतो. मला कोरडंच राहायचं असतं. पण माझं ओरडणं खरंच थांबलं. माउली समाधानानं घरात गेली. आणि मी गप्प झालो म्हणून दसरा झाल्यावर मल्लिनाथही ताण द्यायला गेला नाही.

त्या वंगणानं मला आतून कुजवलं. चाक धरायला जावं, तर पाय घसरावा तसा मी घसरायचो, घासायचो, जळायचो. नळदुर्गच्या अलीकडं वळणावर माझ्या खाचांच्या कडा सालीसारख्या सुटल्या. मी तुटलो आणि पिसाळल्यासारखा सुटून पाण्याच्या नळीवर, पंख्यावर आदळत राहिलो. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. वळण वळलंच नाही. जीप बाभळीवर जाऊन धडकली. मल्लिनाथचं कपाळ फाटलं. शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीचा, शिवप्रियाचा, हात मोडून हाड बाहेर आलं. तिची ती किंकाळी! माझं सकाळचं ओरडणं त्यापुढं काहीच नव्हतं.

जीप ओढून गोरोबाकडं आणली. लेकीला दवाखान्यात ठेवून, कपाळाला पट्टी बांधून मल्लिनाथ आला. डोक्यात राख घातलेल्या लेकाला एकटं कसं सोडायचं, म्हणून जगदेवीही आली.

गोरोबानं मला बाहेर काढलं. खाचेतून बोट फिरवलं. बोटाला काळं वंगण लागलं, त्यात कुंकू. त्यानं वास घेतला. मग मान वर करून जगदेवीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. आई मेल्यावर गोरोबा हिच्याच चुलीपुढं भाकरी खाऊन वाढला. त्यानं मान खाली घातली, मला बाजूला ठेवलं आणि फडक्यानं चाकं पुसू लागला. डाग राहिला तर नवा पट्टाही घसरला असता. पुसून झाल्यावर त्यानं नवा पट्टा हातात घेतला.

“चालंल म्हणलास न्हवं?” मल्लिनाथ म्हणाला. “डोळं फुटलं व्हतं का तुझं?”

“चुकलं माझं,” गोरोबा म्हणाला.

मल्लिनाथनं मला उचललं. नवा पट्टा चढवणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीवर मी पहिल्यांदा कडाडलो. मग मानेवर. मग कानावर. सदरा फाटला, रक्ताची चिळकांडी माझ्याच अंगावर उडाली. ज्यानं मला जपलं, त्याच्याच पाठीवर मल्लिनाथ मला वळ उठवायला लावत होता. गोरोबानं हात वर केला नाही. मल्लिनाथ मारता मारता ओरडत होता, की एकाही वडापवाल्याला तुझ्या दारात गाडी लावू देणार नाही, तुझं शटर कायमचं पाडतो. पुढचा फटका डोळ्याजवळ बसला. गोरोबा गुडघ्यावर कोसळला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर एवढं करा. इंजिन बंद करून माझ्या भावंडांकडं अधूनमधून बघा. त्यांना तेल लागू देऊ नका. आणि कुणी ओरडलं तर त्याला गप्प करायची घाई करू नका. का ओरडतोय, ते आधी विचारा.

मी पुन्हा हवेत उचलला गेलो होतो. तेवढ्यात जगदेवी धावली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. मी तिच्या मनगटावर आदळलो, काकणं फुटली. मल्लिनाथचा हात थिजला.

“माय, बाजूला हो,” तो म्हणाला.

ती हलली नाही. रक्ताळल्या हातानं तिनं मला गच्च धरलं.

“त्याला मारू नगस. त्या पट्ट्याला वंगण म्या घातलं व्हतं.”