तांदळाच्या दाण्याएवढी वात

“खरं सांगा मावशी, हात थरथरायला लागलाय का तुमचा?” सुनीतीने फोन ठेवता ठेवता विचारलं.

चंपा काचेच्या पेल्यात वात बसवत होती, आणि वात बसवताना ती श्वास रोखून धरी. मांजरी गावातल्या एका पत्र्याच्या लांबट खोलीत सुनीतीचा सुवासिक मेणबत्त्यांचा कारखाना होता. तिथे गेली चौदा वर्षं वातीचं काम चंपाचं होतं. वात बरोबर मधोमध बसली तर मेण चहूकडून सारखं वितळतं. जरा कलली की एका अंगाने काच तापते आणि दुसऱ्या अंगाचं मेण तसंच राहतं.

“त्या गिऱ्हाइकाचा, आगटेकाकांचा, तिसरा फोन होता,” सुनीती म्हणाली. “मेणबत्तीत विहीर पडलीय म्हणतात. कडेचं मेण जसंच्या तसं, मध्ये खोल भोक, आणि काच काळी. वात कलली असणार. नवीन पाठवते म्हटलं तर नको. हीच नीट करून द्या म्हणे, नाहीतर वर्तमानपत्राला पत्र लिहितो. मेणबत्ती कोण दुरुस्त करतं हो? असं करू, सोमवारपासून पॅकिंगमधली पायल वातीवर बसेल. तुम्ही पॅकिंग बघा. हलकं काम आहे.”

चंपाने पेला खाली ठेवला. हिवाळ्यापासून चहाचा कप धरताना तिचा उजवा हात हलत होता. घरात सुनेलाही तिने ते कळू दिलं नव्हतं.

“पत्ता द्या त्यांचा. मी बघून येते,” ती म्हणाली. “चूक माजी असंल तर पॅकिंगला बसंन. नसंल तर जागेवरनं हलायची न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शहरात मंडईला बसमधून उतरली आणि मागच्या गल्लीतल्या इमारतीचे तीन जिने चढली. शरच्चंद्र आगटे टपाल खात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“मेणबत्तीचा डॉक्टर घरी येतो हे ठाऊक नव्हतं. फी काय तुमची?”

“पानी द्या पेलाभर. तीन जिने हायेत तुमचे.”

पाणी पिऊन झाल्यावर तिने मेणबत्ती कुठे आहे विचारलं. खिडकीजवळच्या मेजावर, पडद्याला जवळजवळ खेटून, एका बाईंच्या तसबिरीपुढे ती होती. तसबिरीचा हार लोंबत पेल्याच्या काठापर्यंत आला होता. डोक्यावर पंखा गरगरत होता.

चंपाने पेला उचलला आणि आधी उलटा करून तळ उजेडात धरला. वातीच्या बुडाची पत्र्याची चकती दिसली. मधोमध. तिने पेला फिरवून पुन्हा पाहिलं. मग तिने रोखलेला श्वास सोडला.

“पट्टी हाय का तुमच्याकडं?”

“चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली. पट्टी नसेल तर काय असेल?”

“मोजा मग.”

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला, पट्टी लावली, चारी बाजूंनी मोजलं. अंतर सारखंच भरलं. चंपाने पेला सुलटा करून आत पाहिलं. खोल भोक, त्यात काड्यांची जळकी टोकं आणि काळ्या पडलेल्या पाकळ्या.

“ही फुलं कशी आत?”

“दिवा काय तोंडाने फुंकायचा? आमच्याकडे फुलाने शांत करतात.”

“आनि वात अशी एका अंगाला कशानं वढली?”

“टाचणीने. बुडायला लागली होती, म्हणून वर सारली. समईची सारतात तशी.”

“आवो काका, समईत तेल असतं. हितं मेन हाय. पाकळी पेटली की तीच दुसरी वात होती आनि काच काळी करती. रोज किती येळ लावता?”

“दहा मिनिटं. घड्याळ लावून.”

“दहाच?”

“पुरवून वापरतो आहे,” शरच्चंद्र तसबिरीकडे हात करत जरा घुश्शातच म्हणाले. “जानेवारीत प्रदर्शनातून हिने आणली. मोगऱ्याची. फेब्रुवारीत ही गेली. आता मला सांगा, पुन्हा कोण आणणार आहे?”

चंपा मेजाजवळच्या खुर्चीत बसली. आवाज खाली आणून ती म्हणाली, “आमच्याकडं विहारात वंदनेला मेनबत्ती लावली की आम्ही पुरी जळू देतो. ह्या मेनबत्तीचंबी तसंच असतं. पहिल्यांदा लावाल तवा काठापर्यंत सगळं मेन वितळोस्तर थांबायचं. तीन तास लागत्यात. आधीच विझवली की तेवढंच भोक पडतं, आनि दुसऱ्या दिवशी ती त्याच भोकात जळती. तुम्ही ऱ्हावी म्हनून जपली, आनि जपून जपून बुडवली.”

शरच्चंद्रांनी पेल्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, “नीट होईल का?”

“हुईल. पर तीन तास जाळावी लागंल.”

“तीन तास! म्हणजे केवढी संपेल!”

“न्हाई जाळली तर हाय तेवढी समदी फुकट.”

ते उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात काडेपेटी होती.

चंपाने चिमट्याने पाकळ्या आणि काड्या काढल्या. बुडालेल्या वातीभोवतीचं मेण चमच्याने खरवडलं. “ते टाकू नका,” म्हणत शरच्चंद्रांनी वाटी पुढे केली. तिने वात सरळ केली आणि नेलकटर मागितलं. वात कापताना तिचा हात हलला. तिने श्वास धरला, हात थांबला, वात कापली गेली.

“तांदळाच्या दाण्याएवढी ठेवायची. दर वेळी. लांब ठेवली की धूर.”

मग तिने हार काढला, पडदा बांधला, पेला स्टीलच्या ताटलीत मेजाच्या मध्यावर ठेवला, कडेचं मेण तापावं म्हणून काठावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घातला, त्याला मध्ये भोक ठेवलं. “कागद तापतो, हात लावू नका. आनि पंखा बंद.”

“एप्रिलमध्ये?”

“वाऱ्यानं ज्योत एका अंगाला जाती. शिवाय सोडून उठायचं न्हाई. जळती मेनबत्ती घरात एकटी ठेवायची नसती.”

दोघं घाम पुसत बसून राहिले. शरच्चंद्रांनी दोनदा चहा केला. मोगऱ्याचा वास आधी मेजाभोवती राहिला, मग दारापर्यंत गेला. एरवी दहा मिनिटांत तो खुर्चीपर्यंतही येत नसे. “ही गजरा माळून स्वयंपाकघरात असली की इथवर कळायचं,” ते एकदाच म्हणाले.

दोन वाजता चंपाने कागद काढला. मेण काठापासून काठापर्यंत पाण्यासारखं सपाट झालं होतं. “आता झाकण. फूल नको, फुंकर नको.” त्यांनी झाकण ठेवलं. ज्योत आपोआप गेली.

शरच्चंद्रांनी स्वतः फोन लावला. “सुनीतीताई, आगटे. तुमची वात मधोमध आहे. पट्टीने मोजली. चूक आमच्या घरातली. काय? हात? हाताचं मला विचारू नका, मी काच पाहिली.”

चंपाने फोन मागून घेतला. “ताई, हात हलतो. हिवाळ्यापासनं. वात बसवताना दम धरते, तवा हलत न्हाई. ज्या दिवशी हलंल त्या दिवशी मीच येऊन सांगंन. सोमवारी मी वातीवर हाय.” पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. “बरं. दर शनिवारी तपासा. समदे पेले तपासा,” चंपा म्हणाली आणि फोन परत दिला.

चपला घालताना ती थांबली. “एक ऱ्हायलं. तळाशी बोटभर मेन उरलं की मग लावायची न्हाई. काच तडकती.”

“आणि त्या बोटभराचं काय करायचं?”

“काय न्हाई. ऱ्हाऊ द्यायचं.”

ती जिना उतरू लागली. शरच्चंद्र मेजापाशी आले, वाकले आणि पेल्याच्या तळाशी बाहेरून आपलं बोट आडवं लावून पाहिलं. काच अजून कोमट होती. बोट त्यांनी तिथेच राहू दिलं.