वीस आणि एकशे साठ

बसचालकाने नवा चष्मा घालून भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला आणि लगेच चष्मा काढून चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या ताईच्या हातात ठेवला. खालच्या ओळी पाण्यात बुडाल्यासारख्या दिसतात, म्हणाला. उद्या सकाळी दहाला त्याची परवान्याची नेत्रतपासणी होती. नापास झाला तर चाकावरून उतरवून त्याला डेपोत बसवणार होते.

ताईने भिंग मोजयंत्राखाली धरलं. नंबर बरोबर होता, पण अक्ष, म्हणजे भिंग बसवायचा कोन, वीस अंशांऐवजी एकशे साठवर होता. भिंगावर पाठीकडून खूण केली की नेमकं असंच होतं, आरशातल्यासारखा कोन उलटतो. तिने चालकाला चार वाजता बोलावलं आणि आतल्या खोलीत गेली.

भिंगं घासायचं काम तिचा धाकटा भाऊ करायचा. ऐकताच त्याचा चेहरा उतरला. आपल्या हातून कधी काही धड होतच नाही, आठवडाभराचं सगळं काम उलटं गेलं असणार, चालकाची नोकरी जाणार, गावभर बोभाटा होणार, असं तो बोलत सुटला. पाच मिनिटांत त्याने नुसत्या बोलण्यातच दुकानाला टाळं लावून किल्लीही हरवली होती.

ताईचं डोकं निराळं चालायचं. लहानपणी घरात साप निघाला, तेव्हा भावाने त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं जाहीर केलं होतं. ताईने विचारलं होतं, कुठल्या खोलीत आहे?

आताही तिने विचारलं, "किती भिंगं उलटली?"

"सगळी."

"सगळी हा आकडा नाही."

"तुला कधी भीतीच वाटत नाही, ताई. म्हणून मी वेडा दिसतो."

भीती तिलाही वाटायची, पण काम उरकल्यावर, एकटी असताना. मग तिने शांतपणे हिशोब मांडला. सोमवारी खूण करताना फोन आला, त्या गडबडीत भिंग पालथं पडलं. म्हणजे चूक एकच. नवं भिंग दोन तासांत होईल.

भाऊ कामाला लागला. हात चालू झाले तसा त्याचा श्वासही जागेवर आला. भिंग पॉलिशला लावून त्याने आठवडाभरात घासलेल्या भिंगांची अकरा पाकिटं पुढ्यात ओढली. गरज नाही, चहा घे, असं ताई दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही. नवव्या पाकिटाशी तो थांबला आणि त्याने यंत्र तिच्याकडे वळवलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं डावं भिंग. अक्ष उलटा.

सोमवारी फोन दोनदा आला होता. ताईने हिशोबात एकच धरला होता.

तिने यंत्राला डोळा लावून आकडा वाचला. "मीही मोजलं नव्हतं," ती म्हणाली. "नुसतं ठरवून टाकलं होतं."

"सगळी नव्हती पण," भाऊ म्हणाला.

"दोन."

"मग दुकान राहू दे उघडं."

चार वाजता चालक आला. त्याने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि कुणी सांगितलं नसताना खालचं छापखान्याचं बारीक नावही वाचून दाखवलं. मग चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून रस्त्याला लागला.

भावाने शिवणकामवाल्या बाईंचं भिंग घासायला घेतलं होतं. ताईने उरलेली दोन पाकिटं उचलली आणि मोजायला बसली.