दोन भावांची बाज

मित्रांनो, मांजरसुंब्याच्या चौकातून बीडच्या बाजूला थोडं पुढं आलात, की ढाब्याला लागून टायर-पंक्चरचं एक दुकान दिसतं. दुकानापुढं लिंबाच्या सावलीत जी जुनी बाज पडलेली असते, ती मी. मला बघून नाक मुरडू नका. माझ्या पट्ट्या सैल झाल्या आहेत, चौकटीवर जिकडेतिकडे काळे डाग आहेत आणि चारही कोपऱ्यांशी लाकूड घासून खोलगट झालं आहे. तुमच्यासारखी मुलं त्या डागांकडे बोट दाखवून हसतात. हसा, पण आधी ते डाग कशाचे आहेत ते ऐका.

छबुबाईच्या बांधावरची एक बाभूळ वादळात पडली, तेव्हा सटवा सुतारानं तिच्यातून माझे पाय आणि चौकट काढली. विणलं मात्र छबुबाईनं स्वतः. सुंभाच्या दोरीचं एक टोक तिच्या थोरल्या लेकाच्या, त्रिंबकच्या हातात असायचं, दुसरं धाकट्या अंगदच्या. दोघं भाऊ सुंभ ताणून धरायचे आणि मधेच सोडून एकमेकांना पाडायचे. छबुबाई रागवायची आणि रागावता रागावता हसायची. पुढं सुंभ कुजला आणि त्याच्या जागी नायलॉनच्या पट्ट्या आल्या, पण ती पहिली वीण मी विसरले नाही.

भाऊ मोठे झाले. दोघांनी मिळून रस्त्यालगत हे दुकान टाकलं आणि मला घरून इथं आणलं. आता घर म्हणजे दुकानाच्या मागची पत्र्याची खोली. ते माझे सुखाचे दिवस होते. चाक निघून पुन्हा बसेपर्यंत ट्रकवाले माझ्यावर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "अशी बाज घरी बी न्हाई." अंगदची लेक सायली माझी चौकट धरून उभं राहायला शिकली. त्रिंबकनं लग्न केलं नव्हतं. सायली त्याला मोठे बाबा म्हणायची आणि तो तिच्यावर जीव टाकायचा. कामं संपली की दोघे भाऊ माझ्या दोन टोकांना बसायचे.

त्रिंबकच्या हातात तेव्हा बिडी असायची. अंगद ढाब्याच्या मागं जाऊन एखादा घोट घेऊन यायचा. आधी कधीतरी, मग रोज, आणि शेवटी शटर उघडायच्या आधीच.

ट्रकवाल्यांना बसल्या बसल्या विषय हवा असतो. त्यांनी एक खेळ काढला होता. दारू वाईट की बिडी वाईट, असं ते मुद्दाम विचारायचे आणि दोघा भावांना एकमेकांच्या अंगावर घालायचे.

"बिडी पिऊन कुणी बायकूला मारल्यालं ऐकलंय का?" त्रिंबक म्हणायचा.

"माझी दारू माझ्या पोटात जाती, दादा. तुझा धूर माझ्या लेकीच्या नाकात जातो, त्याचं काय?" अंगद म्हणायचा.

सगळे हसायचे आणि निकाल त्रिंबकच्या बाजूनं लागायचा. लागणारच. अंगदनं विमलला, म्हणजे त्याच्या बायकोला, माझ्यासमोर मारलं होतं. एकदा त्याच्या थरथरत्या हातानं चाकाचे नट ढिले राहिले आणि घाटात ट्रकचं चाक निखळलं. ड्रायव्हर वाचला, पण तेव्हापासून त्रिंबकनं अंगदच्या हाती पाना दिला नाही. दारूचं सगळं उघड्यावर असतं. ती शिव्या देते, पडते, ओकते, आणि लोक गोळा होतात.

धुराचं तसं नव्हतं. तो मलाच दिसायचा. रात्री मलाही आत घ्यायचे. खोलीत सगळे एकत्र झोपायचे आणि त्रिंबक उशाशी बिडी ओढायचा. लहानपणी सायलीची छाती घरघरायची. एकदा डॉक्टरांनी विमलला विचारलं, "घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?" विमलनं मान खाली घातली. थोरल्या दिराची तक्रार परक्यासमोर कशी करायची? घरी येऊन ती माझ्यावर बसून रडली, म्हणून मला कळलं.

मला तेव्हाच एक गोष्ट दिसत होती आणि मला तोंड असतं तर मी ती ओरडून सांगितली असती. दोघांनाही दुसऱ्याचं व्यसन सोयीचं झालं होतं. दारूकडे बघून त्रिंबकला आपली बिडी साधी वाटायची आणि धुराकडे बघून अंगद आपला पेला भरायचा.

मग चंपाषष्ठी आली. छबुबाईनं देवापुढं ताटलीत बेल आणि भंडारा ठेवला आणि अंगदला समोर बसवलं. आमच्याकडे बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ कुणी मोडत नाही.

"उचल," छबुबाई म्हणाली. "आजपासून थेंब न्हाई."

अंगदनं उचलला. त्याच्या हातातला थोडा भंडारा माझ्यावर सांडला. तो मनापासून सोडायला निघाला होता, हे मी शपथेवर सांगते.

सायली तेव्हा दहावीत होती. ती म्हणाली, "आता मोठ्या बाबांनी पण उचलावा. बिडीसाठी."

सगळे हसले. छबुबाईच्या दाढेत मिस्री होती. ती म्हणाली, "बिडी-मिस्री काय व्यसन असतंय का, पोरी? ती तर चहावानी हाय."

त्रिंबकनं हसून सायलीच्या डोक्यावर टपली मारली आणि बिडी पेटवली. काडी विझवली ती नेहमीसारखी माझ्या चौकटीवर. ते काळे डाग त्याचेच.

दुसऱ्या दिवशी अंगदला घाम फुटला. हात इतके कापायला लागले, की चहाचा कप ओठाला लागेना. माझ्यावर पडून तो नुसता तडफडत होता आणि त्याच्याबरोबर माझे पाय जमिनीवर वाजत होते. त्याच्या पुढच्या दिवशी त्याला माझ्या पट्ट्यांतून मुंग्या वर येताना दिसायला लागल्या. मुंग्या नव्हत्या, मित्रांनो. माझ्या अंगावर एकही मुंगी नव्हती. पण तो ओरडत होता आणि त्या झटकत होता.

"मोठे बाबा, पप्पाला दवाखान्यात न्या," सायली म्हणाली. "त्यांचं अंग लई तापलंय."

"दवाखान्यात सलाईनमधून दारूच देतेत म्हणं," त्रिंबक म्हणाला. "मग भंडाऱ्याचं काय? देव परीक्षा बघतोय त्याची. दोन दिवस कळ काढली की सुटला."

"भाऊजी, त्यांचे डोळे बघा तरी," विमल म्हणाली.

"मला कळत न्हाई का? माझा भाऊ हाय त्यो."

अंगद उठून रस्त्याकडे धावू लागला. रस्त्यावर ट्रक. त्रिंबकनं त्याला कवेत धरून माघारी आणलं आणि दुकानातल्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या. टायरच्या दुकानात सगळं त्याच पट्ट्यांनी बांधतात. त्यानं अंगदचे हातपाय माझ्या चार कोपऱ्यांना बांधले. बांधताना त्रिंबक रडत होता. भावाला वाचवतोय असंच त्याला वाटत होतं, म्हणून मला त्याचा रागही धड करता येत नाही.

अंगद ओढत राहिला. रबर माझ्या लाकडात रुतत गेलं. कोपऱ्यांशी दिसतात ना खोलगट जागा, त्या त्याच. दुपारी त्याला झटका आला, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. सायलीनं पट्ट्या कापल्या आणि रस्त्यावर आडवी उभी राहून पिकअप थांबवली. मला त्याच्यासकट गाडीत चढवलं. बीडला पोचेपर्यंत त्याला पुन्हा झटके आले. दवाखान्याच्या दारात माझ्यावरच त्याचा जीव गेला.

डॉक्टर त्रिंबकला म्हणाले, "रोज इतकी पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते, काका. औषधं देऊन, नजरेखाली ठेवून सोडवावी लागते. सोडतो म्हणाला त्याच दिवशी आणायचं होतं."

त्रिंबक बाहेर येऊन माझ्या टोकाशी बसला आणि त्यानं बिडी पेटवली.

दहाव्याला लोक म्हणाले, "काही म्हणा, अंगद भंडारा पाळून गेला." छबुबाईनं ते ऐकलं आणि तेव्हापासून तिचं बोलणं तुटलं. पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली.

मला कुणी घरात घेईना. ज्या बाजेवर माणूस तडफडून गेला, तिच्यावर कोण झोपणार? मी मागं भिंतीला उभी होते, ऊनपाऊस खात. शेवटी त्रिंबकनंच मला पुढं आणून टाकलं. तो एकटाच माझ्यावर बसायचा आणि एका बिडीवर दुसरी पेटवायचा. आता त्याच्याशी वाद घालायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्याचा खोकला मी त्याच्याआधी ओळखला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. मग टायर उचलताना दम लागू लागला, मग पाना फिरवताना, मग नुसतं बोलताना. दारूनं अंगदला ढकलून पाडलं होतं. बिडीनं त्रिंबकला काहीच केलं नाही असं वाटावं, इतक्या हळू ती त्याचा श्वास काढून घेत होती. शेजारीपाजारी म्हणायचे, वय झालं. वय कुठलं झालं होतं?

दुकान सायली चालवायला लागली. पोरगी चाक काढते म्हणून ट्रकवाले आधी हसले, मग मुकाट्यानं तिच्याकडेच यायला लागले. तिनं त्रिंबकला बळेच दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ती विमलला सांगत होती, "डॉक्टरांनी विचारलं, व्यसन काय? मोठे बाबा म्हणले, कसलंच न्हाई, फक्त बिडी." विमलला हसू आलं आणि त्यातच खोकल्याची उबळ आली. तिनं आयुष्यात बिडी हातात धरली नव्हती, तरी तिचा खोकला त्रिंबकसारखाच वाजायचा.

त्रिंबकला आडवं झोपणं जमेना. माझ्या कडेवर बसून, दोन्ही हातांनी चौकट धरून, पुढं वाकून तो हवा ओढायचा. एकदा तो सायलीला म्हणाला, "ताटली आण. भंडारा उचलतो."

"भंडारा नको, मोठे बाबा," सायली म्हणाली. "औषध घ्या आणि डॉक्टरकडं यायचं ते चुकवू नका."

त्यानं ऐकलं. बिडी सुटली. पण छातीत जे जळून गेलं होतं, ते परत आलं नाही. शेवटच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या त्या रुतलेल्या जागेवरून तो अंगठा फिरवत राहायचा. एकदा श्वास पुरेल तेवढंच बोलला, "सायली, तुझ्या बापाला दवाखान्यात कावून न्हेलं न्हाई मी?" सायली त्याची पाठ चोळत राहिली.

गेल्या मार्गशीर्षात माझ्यावर बसल्या बसल्याच तो गेला.

भेटायला माणसं आली. जागा नव्हती म्हणून काही जण माझ्यावर बसले. बंकट नावाचा एक जुना ट्रकवाला, तोच वाद लावून देणारा, फोटोकडे बघून म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. कसलं व्यसन न्हाई, काई न्हाई." आणि सवयीनं त्यानं खिशातून बिडी काढून पेटवली.

सायली उठली. तिनं त्याच्या हातातली बिडी घेतली आणि जमिनीवर चिरडली.

"बंकटकाका, तुमी लई वर्षं विचारत होते ना, दारू वाईट का बिडी," ती म्हणाली. "याच बाजेवर दोघं भाऊ बसायचे. आता दोन्ही टोकं रिकामी हायती. कोण जिंकलं, सांगा."

बंकट खाली मान घालून माझ्या चौकटीवरचे डाग नखानं खरवडत बसला. ते निघत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी ओढत असेल, कुणी पीत असेल. कोण जास्त वाईट, हे मोजत बसू नका. मोजण्यात या घराची सगळी वर्षं गेली. ज्याचा गोंगाट होतो त्याला बांधू नका आणि जो शांतपणे खोकतो त्याला सोडून देऊ नका. शपथ घालायची तर घाला, पण त्याच दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे न्या.

सायली म्हणते, मला नव्यानं विणून घ्यायचं आहे. पट्ट्या आणून ठेवल्या आहेत. विणताना टोक धरायला दोन माणसं लागतात. विमलला खोकल्यामुळं ताण धरवत नाही, म्हणून मी अजून तशीच सैल पडून आहे. कधी या बाजूला आलात, तर एक टोक धरा.