आधी कोणता पाय

"माणसाचं सगळं आयुष्य पहिल्या पावलात ठरतं, आणि ते पाऊल डावंच असावं लागतं," असं मास्तर म्हणाले, तेव्हा ते पलंगाखाली पालथे पडून डाव्या पायाची चप्पल शोधत होते.

एक चप्पल हाताला लागली. ती उजव्या पायाची निघाली. मास्तरांनी ती फुंकर मारून बाजूला ठेवली आणि पुन्हा हात आत घातला.

दारात लेक उभी होती. संध्याकाळचा क्लास गेली सहा वर्षं तीच घेत होती, आणि बापाचं कोणतं बोलणं ऐकायचं हेही तिचं तीच ठरवत होती. तिच्या काखेत कागदांचे दोन गठ्ठे होते.

"पुस्तकाचं छापखान्याला पाचपर्यंत कळवायचंय," ती म्हणाली. "चौसष्टच्या चौसष्ट चित्रं दोन्ही बाजूंनी काढून ठेवलीत. तुम्ही फक्त सांगा, आधी कोणता पाय?"

"आत्ता काय सांगितलं मग?"

"तुम्ही सांगितलंत. ठोकळाकाका उलटं सांगतात."

"त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही."

"नाव कुठे घेतलं? ठोकळा हे काय नाव आहे?"

मास्तर पलंगाखाली आणखी आत सरकले.

प्रश्न 'लांब चाली'चा होता. चौसष्ट पवित्रे, मध्ये न थांबता, सावकाश केले तर नऊ मिनिटं. हात रिकामे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस पाण्याखाली कपडे वाळत घालतो आहे. करणाऱ्याला मात्र तिसाव्या पवित्र्यानंतर वाटू लागे की आपण जागीच आहोत आणि कोणीतरी खोलीच आपल्याभोवती हळूहळू फिरवतं आहे. मास्तर एकोणिसाव्या वर्षी ती शिकले आणि आता बहात्तर वर्षांचे होते. मधली वर्षं त्या खोलीबरोबर फिरण्यात गेली. लग्न, नोकरी, पेन्शन, बायकोचं जाणं, हे सगळं खिडकीतून दिसावं तसं त्यांना दिसलं होतं.

चाल त्यांच्या गुरूंची, मोठ्या सरांची. त्यांनी ती कधी लिहून ठेवली नाही. मास्तर सकाळच्या तुकडीत शिकले, ठोकळा संध्याकाळच्या. दोघेही सरांचे लाडके, पण शिकताना दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही; परीक्षाही सर एकेकट्याची घेत, दार लावून. सर गेले तेव्हा शोकसभेत दोघांनी शेजारी उभं राहून श्रद्धांजली म्हणून लांब चाल करायची ठरली. मास्तरांनी डावा पाय टाकला, ठोकळ्याने उजवा. दोन फळ्यांचं दार उघडावं तसे ते दोघे एकमेकांपासून बाजूला सरकले आणि सरकतच राहिले. नऊ मिनिटांनी एक जण खिडकीशी होता, दुसरा चपलांच्या रांगेत. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

मग दोन शाळा झाल्या, डावी आणि उजवी. मास्तरांनी चोवीस पानी पुस्तिका काढली, की हृदय डावीकडे असतं म्हणून चाल डावीकडून. ठोकळ्याने बत्तीस पानी काढली, की यकृत उजवीकडे असतं आणि ते हृदयापेक्षा मोठं असतं.

"काकूंना जाऊन विचारा," लेक म्हणाली. काकू म्हणजे मोठ्या सरांच्या पत्नी. "त्यांनी सरांना रोज बघितलंय. एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. आणखी किती वर्षं न विचारता राहणार आहात?"

बराच वेळ पलंगाखाली हाताचा चाचपडण्याचा आवाज येत राहिला.

"आणि त्या उजवा म्हणाल्या तर?" मास्तरांनी फरशीला विचारलं.

लेक खाली बसली. तिने वाकून आत बघितलं. "मग उजवा छापू."

"चार हजार पोरं झाली गं माझी."

"मोजलीत?"

"वह्या आहेत."

तिने हात घालून चप्पल काढून दिली. ती पुढेच होती.

मोठ्या सरांचा हॉल आता गाद्यांचं गोदाम झाला होता. मागच्या दोन खोल्यांत काकू राहत, पुढचा हॉल त्यांनी भाड्याने दिलेला. लेकीचे गठ्ठे घेऊन मास्तर आत शिरले आणि त्यांच्या पावलांचा आवाज बंद झाला. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पांढऱ्या गाद्या रचलेल्या, प्रत्येकीला प्लास्टिकचं आवरण, आणि त्या आवरणांवरून दुपारचा उजेड पायरीपायरीने खाली उतरत होता. मधे फक्त एक बोळ उरला होता. मास्तर चालत होते आणि पोहोचत नव्हते. इथेच कुठेतरी ते एकोणीस वर्षांचे होते. नक्की कितव्या गादीखाली, ते सांगणं कठीण होतं. दोन कामगार एका गठ्ठ्याला टेकून डबा खात होते. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द गाद्यांनी पिऊन टाकले होते.

बोळाच्या टोकाशी जरा मोकळी जागा होती. तिथे एका बुटक्या गठ्ठ्यावर ठोकळा बसला होता. काठी मांडीवर आडवी.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकतीस वर्षांत पहिलं वाक्य कोणी बोलावं याचा पवित्रा दोघांनाही शिकवलेला नव्हता.

"काय रे बांबू," ठोकळा म्हणाला, "वाकलास की."

"तू कोणी सांगितलं म्हणून आलास?"

"तुझ्या पोरीने फोन केला. म्हणाली, काका, दुधाचं दूध होऊन जाऊ दे. गोड आहे पोरगी. तुझ्यावर गेलेली दिसत नाही."

मास्तरांनी चित्रांचे गठ्ठे छातीशी घट्ट धरले. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि वॉकरवर भार देत काकू आल्या. त्या इतक्या सावकाश आल्या की मास्तरांना वाटलं, ह्या अठ्ठेचाळिसाव्या पवित्र्यात आहेत.

"दोघं एकदम?" काकू म्हणाल्या. "कोण गेलं?"

"कोणी नाही काकू," मास्तर म्हणाले. "एक विचारायचं होतं." आणि मग त्यांना विचारवेना. त्यांनी गठ्ठ्यांच्या कडा गादीवर ठोकून सारख्या केल्या. सारख्या होत्या, तरी पुन्हा केल्या.

शेवटी ठोकळ्यानेच विचारलं. "काकू, सर लांब चाल सुरू करताना आधी कोणता पाय टाकायचे?"

"उजवा," काकू म्हणाल्या.

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईने निदान आठवून बघायला हवं होतं, असं मास्तरांना वाटलं.

"सकाळीसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"सकाळी काय नि संध्याकाळी काय. त्यांना एकच येत होती."

"पण मी तर समोर उभा राहून बघितलंय, काकू! सर तोंड आमच्याकडे करून उभे राहायचे आणि पहिलं पाऊल…" मास्तरांनी हाताने दाखवलं. हात डावीकडे गेला आणि तिथेच हवेत राहिला.

"तुमच्या डावीकडे. म्हणजे त्यांचं उजवं," काकू म्हणाल्या. "आरशात बघून भांग पाडतात तसं झालं तुम्हा लोकांचं."

"आणि आमच्याकडे ते पाठ करून उभे राहायचे," ठोकळा हळूच म्हणाला. "आम्ही पाठीमागून बघून तसंच केलं. मी पोरांना सांगायचो, गुरूची पाठ बघून शिकावं, तोंड बघून नाही. यावर एक प्रकरण आहे माझ्या पुस्तिकेत."

"पाठ का करायचे?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी गाद्यांच्या मागे कुठेतरी हनुवटीने दाखवलं. "त्या बाजूच्या खिडक्या. संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत यायचं. पडदे लावा म्हणून मी दोन वर्षं सांगत होते."

लांब कुठेतरी डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला, तोही लोकरीत गुंडाळल्यासारखा.

"पण परीक्षा?" मास्तरांचा आवाज बारीक झाला. "सरांनी माझी परीक्षा घेतली. पूर्ण नऊ मिनिटं. चूक असती तर त्यांनी सांगितलं असतं. ते डोळे मिटून नुसत्या पावलांच्या आवाजावरून…"

"झोपायचे," काकू म्हणाल्या. मग जरा नरमाईने म्हणाल्या, "दमलेले असायचे रे. पहाटे चारला उठायचे. चहा टाकते. बिनसाखरेचा चालेल ना, तुम्हाला आता असंच पाहिजे असणार." आणि त्या आल्या तशाच, कुठलीही घाई न करता, आत निघून गेल्या.

मास्तर गादीवर टेकले. गादी खाली गेली, आणखी खाली गेली. त्यांना चार हजार पोरं दिसली. ती एका मोठ्या, भिंती नसलेल्या खोलीत उभी होती आणि सगळी एकदम डावा पाय टाकत होती, गवतावरून वारा जावा तशी. त्यात लेक होती, सहा वर्षांची. त्यात पोस्टमन झालेला एक होता, बॅंकेतली एक होती, एक मेलेला होता. सगळे एका बाजूला झुकले होते आणि कोणाच्याच चेहऱ्यावर चूक दिसत नव्हती.

आता ठोकळा हसेल, म्हणून ते वाट बघत राहिले. एकतीस वर्षं त्याने हे हसू जपून ठेवलेलं असणार.

ठोकळा हसला नाही. तो काठीच्या मुठीवरचं रबर नखाने सोलत होता.

"उठ," तो म्हणाला. "करू एकदा."

"काय करू?"

"चाल रे. इथे झाली नाही कितीतरी वर्षांत."

मास्तर उठले. मोकळी जागा दोन चटयांएवढी. शोकसभेत उभे होते तसेच दोघे शेजारी उभे राहिले, मास्तर डावीकडे, ठोकळा उजवीकडे. ठोकळ्याने काठी गादीला टेकवली. श्वास घेतला. मास्तरांनी डावा पाय जमिनीला दाबून ठेवला. त्रेपन्न वर्षांची सवय, पोटरीत बांधलेल्या जनावरासारखी धडपडत होती. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सगळा मान, सगळा अपमान गिळून उजवा पाय उचलला आणि उजवीकडे टाकला.

त्याच क्षणी ठोकळ्याने डावा टाकला.

खांद्यावर खांदा आदळला. दोघे एकमेकांना धरायला गेले, ते धरणं जमलं आणि उभं राहणं राहून गेलं. मागच्या गठ्ठ्यावर दोघे एकदमच पडले. वरची गादी सावकाश कलंडून त्यांच्या पायांवर आली. जरासा कापूस उडाला आणि उजेडात, खाली यायचं की नाही हे न ठरवता, तरंगत राहिला.

"अरे, उजवा ना!" मास्तर छताला म्हणाले. "आत्ता काकूंनी सांगितलं! आणि तुझा तर पहिल्यापासून उजवा!"

"होता."

"होता म्हणजे?"

"गुडघा," ठोकळा म्हणाला. "उजवा. आठ वर्षं झाली. त्याच्यावर एकदम भार घेतला की जातो. म्हणून डाव्याने सुरू करतो."

"आणि तुझी पोरं?"

"पोरं माझं बघून करतात."

"सगळी?"

"आता सगळीच. जुनी होती त्यांनीही बदललं. त्यांना वाटलं, पुढची पायरी असेल. एकाने तर विचारलं, सर, हे यकृताकडून हृदयाकडे जाणं आहे का. मी हो म्हणालो. काय सांगणार?"

मास्तर कापसाकडे बघत राहिले. म्हणजे उजवी शाळा आठ वर्षांपूर्वीच डावी झाली होती. भांडण तेव्हाच संपलं होतं; भांडणाऱ्यांना तेवढं कोणी कळवलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला?" ठोकळा म्हणाला. "तुला सांगायचं, की मी डाव्याने करतो? त्यापेक्षा दुसरा गुडघा दिला असता."

मग जरा वेळाने, झोपेत बोलावं तसा तो म्हणाला, "तुझी चार हजार, माझी तीन. डाव्याने करून कोणी पडलं का रे कधी?"

मास्तरांनी वह्या आठवून बघितल्या.

"नाही," ते म्हणाले. "आज आपणच."

खिशातला फोन थरथरला. तो काढायला मास्तरांना तीन प्रयत्न लागले.

"बाबा, छापखानेवाले विचारतायत. काय म्हणाल्या काकू?"

"उजवा."

"बरं," लेक हळूच म्हणाली. "ठीक आहे बाबा. काही बिघडत नाही. मग उजवा कळवते."

"नको. डावा कळव."

"अहो, पण बरोबर उजवा ना?"

"बरोबर उजवा," मास्तर म्हणाले, "पण तो करणारं आता कोणी नाही."

त्यांनी फोन पोटावर ठेवला. आतून चहाचा वास येत होता. काकूंनी दोनदा हाक मारली, हो म्हणूनही झालं. पडल्यावर उठावं कसं, हे दोघांनी मिळून सात हजार लोकांना शिकवलं होतं. मास्तरांनी हनुवटी छातीला लावली, कुशीवर वळले, कोपर रोवलं. कोपर गादीत गेलं. ठोकळ्याने गुडघा वाचवून दुसऱ्या बाजूने बघितलं. तीही बाजू मऊच होती.

शेवटी डबा खाणारे दोघे कामगार आले आणि त्यांनी एकेकाला काखेत हात घालून उभं केलं.